सात शिवाजी पार्क

मुंबईतल्या जमिनीचा हिशेब मी एकरात करत नाही, शिवाजी पार्कात करते. दादरचं ते मैदान साधारण 28 एकरांचं. कट्ट्याकट्ट्याने एक फेरी मारली की सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. इतकी वर्षं पायाखालचं असल्यामुळे ते मोजमाप अंगातच बसलं आहे. पेपरात कुठल्या जमिनीचा आकडा आला की आधी 28 ने भागते आणि मगच पुढची बातमी वाचते.

हाच हिशेब गिरण्यांना लावून बघू. 1982 च्या संपाच्या सुमारास मुंबईत 58 कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. म्हणजे एकवीस शिवाजी पार्क. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने या जमिनीचे ढोबळ तीन वाटे सांगितले होते. एक वाटा महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. आणि एक मालकाला, त्याला जे बांधायचं ते बांधायला. एक वाटा म्हणजे 200 एकर. सात शिवाजी पार्क! आणि ते कुठे दूर खाडीपलीकडे नव्हेत, तर परळ, लालबाग, काळाचौकी, भायखळा, वरळी या भागांत, जिथे एका चाळीत शंभर बिऱ्हाडं राहत होती.

त्या सातांपैकी काही तुकडे हाती आले. एखादी बाग, एखादं कुंपण घातलेलं मैदान, एखादी टॉवरच्या पाठीमागची पट्टी. बाकीचं कुठे गेलं, हे मी गेली बरीच वर्षं वाचते आहे, लोकांना विचारते आहे, जाऊन बघते आहे. त्याबद्दल लिहायचं आहे.

आधीच सांगते, गिरण्या पुन्हा सुरू करा असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझे वडील सांचा खात्यात, म्हणजे विणाईत होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते, आणि ते परत आत गेले नाहीत. पण संपाच्या आधीपासूनच कापड भिवंडीला आणि इचलकरंजीला यंत्रमागांवर विणलं जात होतं, हे तेही जाणून होते. गिरण्यांतली कित्येक यंत्रं त्यांच्याहून वयाने मोठी होती. त्या जमिनीचा वापर कधीतरी बदलणारच होता. वापर बदलताना जमीन कोणाला काय देणं लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

जमीन औद्योगिक वापराची असते तोवर तिची किंमत तिच्यावरच्या धंद्याइतकी असते. काही गिरण्या तर पालिकेच्या किंवा सरकारच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या होत्या, कारण शहराला उद्योग हवा होता, हातांना काम हवं होतं. मग एक दिवस नकाशावरचा रंग बदलतो. औद्योगिकचं निवासी किंवा व्यापारी होतं आणि त्याच जमिनीची किंमत कित्येक पटींनी चढते. मालकाने त्यासाठी एक वीटही रचलेली नसते. वाढलेली किंमत शहराच्या सहीने आलेली असते. मग शहराने त्यात वाटा मागितला तर ती मेहेरबानी कशी? 1991 च्या नियमामागचं हे गणित मला तेव्हाही सरळ वाटलं होतं आणि आजही वाटतं.

आमची खोली लालबागच्या एका चाळीत होती, दहा बाय बारा. रात्रपाळीचा माणूस सकाळी झोपायला आला की आम्हा पोरांना बाहेर काढलं जायचं, आणि बाहेर म्हणजे मैदान. गावाहून आलेला पाहुणा मैदानावर झोपायचा. बाया संध्याकाळी तांदूळ निवडायला मैदानाच्या कडेला बसायच्या, कारण खोलीत दिवा लावायच्या आधीचा उजेड तिथेच मिळायचा. साखरपुडे, बारशी, शोकसभा, युनियनच्या सभा, भजनाच्या बाऱ्या, सगळं तिथेच. घर लहान होतं असं आम्हाला कधी वाटलं नाही, याचं कारण ते मैदान होतं.

मी तिथे कबड्डी खेळले. मॅटवर नव्हे, मातीवर. रविवारी पहाटे चाळीतल्या मोठ्या मुली नळावरून पिंपं भरून आणायच्या, पाणी शिंपडायच्या, मग धुम्मसाने माती चोपायची. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी झालं तर गुडघे सोलून निघणार. तळहात टेकून बघायचं. हाताला ओल लागली पण माती चिकटली नाही की मैदान तयार. मग फक्की मारायची. हे करता करता उन्हं वर यायची आणि दिवसभर त्या मातीवर ऊन असायचं. मैदानाच्या एका अंगाला गिरणीची काळ्या दगडाची भिंत होती. तिच्या आत बैठ्या शेड होत्या, त्यामुळे भिंतीपलीकडून सावली येण्याचा प्रश्नच नव्हता. पोरांचा बॉल आत गेला तर रखवालदार परत टाकायचा, कधी शिव्या देऊन, कधी न देता.

त्या भिंतीपलीकडे आता टॉवर आहेत. मुली आजही तिथे कबड्डी खेळतात, आणि त्यांना शिकवणारी ताई सांगते की हिवाळ्यात दुपारनंतर अर्धं मैदान सावलीत जातं आणि पावसाळ्यात माती सुकायला पूर्वीपेक्षा कितीतरी दिवस जास्त लागतात. स्पर्धेच्या तारखा त्यावर ठरवाव्या लागतात. मैदानाच्या कडेने दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात. रात्रीच्या सामन्यांच्या दिव्यांबद्दल आणि शिट्ट्यांबद्दल वरच्या मजल्यांवरून तक्रारी येतात. त्या इमारती विकल्या गेल्या तेव्हाच्या जाहिरातीत मात्र हेच मैदान होतं. हिरवं रंगवलेलं, रिकामं, वरून दिसणारं. ‘पार्क फेसिंग’ फ्लॅटचा दर वेगळा आणि मागच्या बाजूच्या फ्लॅटचा वेगळा.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. मोकळ्या जागेला लागून असलेल्या औद्योगिक जमिनीचा वापर बदलतो, तेव्हा त्या जमिनीच्या वाढीव किमतीतला मोठा भाग शेजारच्या मैदानातून आलेला असतो. तिथला वारा, तिथलं ऊन, समोर कोणी कधी बांधणार नाही याची खात्री, हे सगळं विकलं जातं. ते सगळं लोकांचं असतं. त्याच्या बदल्यात मैदानाला काय मिळतं? सावली, गाड्या आणि तक्रारी. म्हणून अशा जमिनीतला शहराचा वाटा पहिल्यांदा त्या मैदानालाच जोडला पाहिजे. कुंपण पाडून, जमिनीला जमीन लावून.

1991 चा नियम हे घडवू शकला असता. पण दोन तृतीयांश जमीन द्यावी लागणार म्हटल्यावर बहुतेक मालक पुढेच आले नाहीत. गिरणी बंद ठेवायची आणि थांबायचं. कामगारांची देणी अडकलेली, बँकांची कर्जं अडकलेली, शेडवर पिंपळ उगवलेले. दहा वर्षं अशी गेली. मग 2001 मध्ये नियमात बदल झाला, आणि तो एवढा साध्या शब्दांत होता की पहिल्या वाचनात त्याचं वजन लक्षात येत नाही. वाटणी पूर्ण जमिनीची होती, ती आता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. म्हणजे ज्या जागेवर आधीपासून बांधकाम उभं आहे ती वगळायची आणि उरलेल्या जागेचे वाटे करायचे.

ज्याने गिरणी आतून पाहिली आहे त्याला यातली मेख लगेच कळते. विणाईचं खातं बैठं असायचं. शेकडो माग एकाच वेळी आदळत असताना हादरे सोसायचे तर ते जमिनीवरच बसवलेले बरे. शिवाय कापडातला दोष दिसायला सबंध दिवस सारखा उजेड हवा. म्हणून छपरं करवतीच्या दातांसारखी, उभ्या बाजूला काचा, आणि त्या काचांची तोंडं उत्तरेला, म्हणजे थेट ऊन आत येत नाही, नुसता प्रकाश येतो. अशा शेड वर चढत नाहीत, आडव्या पसरतात. गिरणीच्या आवारातली बरीचशी जमीन या शेडखाली, गोदामांखाली, रंगखात्याखाली, बॉयलरखाली झाकलेली असायची. मोकळं म्हणजे गाड्या वळवायचं पटांगण, एखादं तळं, ऑफिससमोरची बाग. नव्या नियमाप्रमाणे शहराचा वाटा त्या पटांगणातला. शेड पाडून तिथे टॉवर उभा राहिला तरी शेडखालची जमीन ‘बांधलेली’ म्हणून धरायची. ज्या छपराखाली माझ्या बाबांनी उभी हयात काढली, त्या छपराने व्यापलेली जमीन त्या छपरामुळेच लोकांच्या वाट्यातून गेली. मला अजून हे पचत नाही.

यावर कोर्टात लढाई झाली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका केली आणि 17 ऑक्टोबर 2005 ला मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीचा 26 जुलैचा पाऊस तेव्हा ताजा होता. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि पाणी मुरायला माती कुठे आहे हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं की सात नाही तरी पाच शिवाजी पार्क आता मिळतील. 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नियम बदलण्याचा सरकारचा अधिकार, बंद गिरण्यांचं पुनर्वसन, कामगारांची देणी, हे सगळं तराजूत टाकून कोर्टाने 2001 चा बदल ग्राह्य धरला. कायद्याचा मुद्दा मी समजू शकते. पण जमीन परत तयार करता येत नाही, हे कुठल्या तराजूत बसवायचं?

मधल्या काळात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्या, म्हणजे आपल्या गिरण्या लिलावात विकल्या जात होत्या. 2005 मध्ये लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, साडेसतरा एकर, 702 कोटींना गेली. म्हणजे एकरी सुमारे 40 कोटी. दादरची कोहिनूर मिल क्रमांक 3, जेमतेम 4.8 एकर, 421 कोटींना गेली. म्हणजे एकरी सुमारे 88 कोटी. दुपटीहून जास्त. दादर स्टेशन जवळ, बांधकामाची मुभा वेगळी, जागा मोक्याची, ही सगळी कारणं आहेतच. पण तिथे उभं राहून पश्चिमेला बघा. शिवसेना भवन ओलांडलं की चार पावलांवर शिवाजी पार्क. 1925 मध्ये खुलं झालेलं, पुढे दोन वर्षांनी शिवाजी महाराजांचं नाव मिळालेलं, सभांचं, क्रिकेटचं आणि नुसतंच बसायला येणाऱ्यांचं ते मैदान. लिलावात बोली लावणाऱ्यांना ते दिसत नव्हतं असं कोण म्हणेल?

या कोहिनूर मिलच्या जमिनीवरून पुढे आणखी एक खटला झाला आणि त्यात शहराच्या हाती एक फार मोलाची गोष्ट लागली. मोठ्या भूखंडावर बांधताना काही टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. आर्किटेक्टांच्या भाषेत आर.जी. बिल्डर ती आर.जी. पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांच्या छतावर दाखवू लागले होते. वर लॉन, चार कुंड्या, घसरगुंडी, आणि खाली तीन-चार मजले पार्किंग. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाने ठरलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. मला हा निकाल वाचून इतका आनंद झाला की मी तो मैत्रिणींना फोन करून सांगितला. छतावरच्या मातीत वडाची मुळं जाणार नाहीत. तिथे पडलेलं पाणी पाइपातून गटारात जाणार, भूगर्भात नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, चौथ्या मजल्यावरच्या बागेत रस्त्यावरचं पोर कधी जाणार?

पण मोकळी जागा जमिनीवर असूनही रस्त्यावरच्या माणसाला तिथे जाता येईलच असं नाही. आमच्या चाळीतले नाना कताई खात्यात होते. त्यांच्या गिरणीच्या जागेवरची एक बाग पालिकेच्या वाट्याची आहे, पण ती संकुलाच्या आतल्या अंगाला आहे आणि तिथे जायचा रस्ता संकुलाच्या फाटकातून जातो. नानांना ती बघायची होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. फाटकावरचा मुलगा नम्र होता. ‘कहाँ जाना है, काका? फ्लॅट नंबर?’ नाना म्हणाले, बागेत. त्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने फोन लावला, मग वही पुढे आली. नाव, पत्ता, मोबाइल, कोणाकडे, कशासाठी. नानांनी थरथरत्या अक्षरात ‘बाग’ असं लिहिलं. आत बाग चांगली होती, झाडं जोपासलेली, बाकं स्वच्छ. आम्ही दोघं सोडून कोणी नव्हतं. कारण बाहेरच्या रस्त्यावरून ती दिसतच नाही. कागदावर ती सार्वजनिक मोकळ्या जागेत मोजलेली आहे.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने 1996 मध्ये नेमका हा धोका सांगितला होता. गिरण्यांच्या जमिनींचा विचार करायला त्यांना नेमलं होतं. एकेक गिरणी सुटी धरून तिचे तीन तुकडे पाडले तर शहराच्या हाती चिंध्या येतील, त्यापेक्षा शेजारशेजारच्या गिरण्यांचे वाटे एकत्र करा, मैदानं एकसंध राहतील, रस्ते सरळ जातील, स्टेशनांभोवती माणसांना मोकळी जागा मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कागदावर राहिलं. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, ऑफिसांत हजारो माणसं आली, आणि ती सगळी एल्फिन्स्टन रोड आणि परळच्या मधल्या त्या जुन्या अरुंद पुलावरून ये-जा करत राहिली. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, मागून गर्दी येत राहिली. चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात छतावरच्या पबना आग लागली आणि 14 जण गेले. दोन्ही घटनांची तात्कालिक कारणं वेगळी आहेत, चौकशा वेगळ्या आहेत. मी एवढंच म्हणते की जमिनीचा वापर बदलताना माणसं कुठून येतील, कुठून जातील आणि घाबरून पळाली तर कुठे उभी राहतील, हे आधी आखायचं असतं.

आणि पाणी. हिंदमाताला पाणी तुंबणं हे गिरणगावात पावसाळा सुरू झाल्याचं लक्षण. अलीकडे पालिकेने त्यावर उपाय म्हणून जमिनीखाली मोठ्या साठवण टाक्या बांधल्या. कुठे? दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली. हिंदमाताचं पाणी पंपाने तिथे नेऊन साठवायचं आणि ओहोटी आली की सोडायचं. मैदान शिल्लक होतं म्हणून टाकी बांधता आली. टॉवरच्या पायाखाली कुठे बांधणार होते? मोकळी जागा म्हणजे सकाळच्या फिरणाऱ्यांची चैन, असं मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला जुलैमध्ये एकदा हिंदमाताच्या सिग्नलला उभं करावं असं मला वाटतं.

‘ताई, लोकांना घरं नाहीत आणि तुम्ही मैदानं मागता’, हे मी अनेकदा ऐकलं आहे, आमच्याच लोकांकडून ऐकलं आहे, आणि त्यांचा राग खोटा नाही. म्हाडाच्या वाट्याचंही तेच झालं जे पालिकेच्या वाट्याचं झालं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. पहिली मोठी सोडत निघाली 2012 मध्ये, 6,925 घरांची. मार्च 2020 मध्ये 3,894 घरांची आणखी एक. आता उरलेल्यांना शेलू, वांगणी अशी मुंबईबाहेरची, लांबची नावं सांगितली जातात. ज्यांनी परळला आयुष्य काढलं त्यांची म्हातारी माणसं तिथून केईएमला कशी येणार? पण घरं विरुद्ध मैदानं ही मांडणीच मी मान्य करत नाही. 1991 च्या वाटणीत दोन्ही होतं. 2001 मध्ये दोन्ही एकदमच आटलं. एकाच कात्रीने कापलेल्या दोघांनी एकमेकांशी का भांडावं?

काही ठिकाणी चांगलंही घडलं, ते सांगायलाच हवं. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, 1862 पासूनची. तिथली गोरखचिंच, कैलासपती, आणि फुलली की जिच्यासाठी लोक मुद्दाम येतात ती उर्वशी, हे वैभव मुंबईत दुसरीकडे असं एकत्र मिळणार नाही. तिला लागूनच मफतलाल मिल. त्या जमिनीचा हिस्सा पालिकेकडे आला आणि तो बागेच्या विस्तारासाठी ठरला. उद्योगाची जमीन शेजारच्या बागेला जोडायची, हेच तर मी म्हणते आहे. मात्र विस्तार म्हणजे पिंजरे आणि काचेच्या भिंती वाढवणं, की झाडांना आणि माणसांना जागा वाढवणं, याकडे भायखळेकरांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं पाहिजे. पूर्वी एका मोठ्या नूतनीकरणाच्या आराखड्यात जुन्या झाडांवर गदा येत होती, तेव्हा नागरिकांनीच बाग मोजून, झाडन् झाड नोंदवून ती लढाई लढली होती.

दुसरं उदाहरण इंदू मिलचं. दादरच्या किनाऱ्यावर, चैत्यभूमीला लागून, साडेबारा एकर. दर 6 डिसेंबरला लाखो माणसं बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात, शिवाजी पार्कच्या मैदानावर मुक्काम करतात, आणि शेजारी ही बंद गिरणी कुलूप लावून उभी होती. वर्षानुवर्षं मागणी झाली. 6 डिसेंबर 2011 ला कार्यकर्ते थेट आत शिरले. पुढच्या वर्षी केंद्राने पूर्ण जमीन स्मारकासाठी द्यायचं मान्य केलं आणि ऑक्टोबर 2015 मध्ये भूमिपूजन झालं. कोणतंही तृतीयांशाचं गणित नाही, संपूर्ण गिरणी. लोकांनी ही जमीन आमच्या कामाची आहे असं ठामपणे सांगितलं आणि ती मिळाली. पुतळ्याच्या उंचीची चर्चा फार होते. मला त्याच्या पायाशी किती माणसं सावलीत बसू शकतील, किती पाणपोया असतील, समुद्राकडची बाजू चालायला खुली राहील का, याची जास्त काळजी आहे, कारण विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने रात्रभर उभं राहून आलेल्या बाईला त्या दिवशी टेकायला जागा लागते.

मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढी. नव्या विकास आराखड्याने हे प्रमाण वाढवायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते वाढणार कुठून? समुद्रात भर घालून, किंवा ज्या जमिनींचा जुना वापर संपला आहे त्यांतून. गिरण्यांचा मोठा भाग तर संपला. महालक्ष्मी रेसकोर्सचे 120 एकर 2024 मध्ये लोकांच्या बागेसाठी ठरले, त्यात भुयारी पार्किंग किती आणि माती किती हे बघायला लागेल.

पण खरा मोठा घास पूर्वेला आहे. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, दारूखाना, माझगाव. गोदीची जमीन. गोदामं, जहाजतोडणी, तेलाच्या टाक्या, कोळशाचे ढीग. 2018 मध्ये पोर्ट ट्रस्टलाच तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण केलं गेलं, साडेनऊशे हेक्टरांहून जास्त क्षेत्रासाठी. हेक्टरचे एकर करून 28 ने भागा. ऐंशीच्या वर शिवाजी पार्क! शिवडीचा किल्ला तिथे आहे, त्याच्या खालच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि त्याच शिवडीतून 2024 पासून अटल सेतू सुरू होतो. म्हणजे जमिनीची किंमत आधीच चढलेली. काळाचौकी-शिवडीतल्या मुलांनी समुद्र डोंगरावरून पाहिला आहे, जवळून नाही, कारण मध्ये गोदीची भिंत आहे. ती भिंत पडेल तेव्हा त्यांना काठ दिसेल की दुसऱ्या कोणाची बाल्कनी, हे पुढच्या काही वर्षांत ठरणार आहे.

म्हणून मी सूचना-हरकतींचा एक अर्ज मराठीत लिहून ठेवला आहे. त्यात चारच गोष्टी मागितल्या आहेत. मोकळ्या जागेचा वाटा पूर्ण जमिनीवर मोजा, आजच्या शेड आणि गोदामं वजा करून नको. तो नकाशावर सगळ्यात आधी आखा आणि शेजारी जे मैदान, किल्ला, खाडी किंवा बाग आहे तिला सलग जोडा. तो नैसर्गिक जमिनीवर ठेवा आणि त्याचं फाटक सार्वजनिक रस्त्यावर उघडू द्या. आणि मालकाच्या इमारतीला जोत्यापर्यंतच्या बांधकामाचा दाखला देण्याआधी त्या जागेचा ताबा पालिकेने घ्यावा, नंतर नाही. नंतरचा ताबा आम्ही पाहिला आहे.

अर्ज ज्यांना हवा असेल त्यांनी जरूर मागावा, पाठवते. फक्त एक काम स्वतः करावं लागेल. आपल्या भागातल्या मैदानाच्या चारी बाजूंनी चालत जायचं, प्रत्येक भिंतीपलीकडे आज काय आहे ते बघायचं, गोदाम, गाळे, वर्कशॉप, बंद कारखाना, जे असेल ते, आणि त्याचा सी.एस. नंबर, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, वॉर्ड ऑफिसातून काढून अर्जात भरायचा. विकास आराखड्यात तो तुकडा कुठल्या रंगात आहे तेही तिथेच बघायला मिळतं. सूचना-हरकतींची मुदत साधारण एक महिन्याची असते आणि ती राजपत्रात छापून येते, तेव्हा मैदानावर जे रोज येतात त्यांच्या सह्या आत्तापासूनच घेऊन ठेवलेल्या बऱ्या.